आधी फिरवा, मग पेटवा

महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीपाशी गेलेला माणूस कव्हर ओढतो, दार उघडतो, फडक्याने धूळ झटकतो आणि किल्ली फिरवतो. सेलने ‘कट्’ असा एकच आवाज करून मान टाकली, तर शेजाऱ्याची गाडी जवळ आणून बॅटरीला वायरी जोडल्या जातात. तेवढ्याने भागले नाही तर गल्लीतली चार पोरे गोळा होतात आणि धक्का सुरू होतो. शेवटी गाडी पांढराकाळा धूर ओकत एकदाची चालू होते, चालवणारा विजयी मुद्रेने ॲक्सिलरेटर दाबून इंजिन गुरगुरवतो आणि सगळ्यांना हायसे वाटते. नांदेड-लातूरकडे हे दृश्य दिवाळीत आणि लग्नसराईत हमखास दिसते, कारण इथल्या पुष्कळ घरांतली गाडी वर्षाचा बहुतेक काळ उभीच असते. मुले पुण्याला नाहीतर हैदराबादला, आईवडील कधी त्यांच्याकडे तर कधी गावी, आणि अंगणात पत्र्याखाली जुनी गाडी, विकवत नाही म्हणून ठेवलेली. या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट उलटी होते, असे या लेखाचे म्हणणे आहे. किल्ली फिरवणे ही उभी गाडी जागी करण्याची शेवटची पायरी आहे आणि आपण तिला पहिली करून बसलो आहोत. उभे राहून इंजिनाचे जेवढे बिघडते, त्याहून जास्त ते घाईघाईने पेटवल्यावरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात बिघडू शकते.

मराठवाड्याला हे नव्याने सांगावे लागू नये. विहिरींवर विजेच्या मोटारी बसण्याआधी इथले पाणी उपसले ते ऑइल इंजिनाने. पावसाळाभर ते झोपडीत गोणपाटाखाली झाकलेले असे आणि रब्बीला पाणी द्यायची वेळ आली की हँडल बाहेर निघे. त्या इंजिनाच्या डोक्यावर एक छोटी दांडी असते. ती उचलून धरली की सिलिंडरची झडप उघडी राहते, आतली हवा दाबली जात नाही आणि जड चाक हलकेच फिरू लागते. जाणता माणूस दांडी उचलून पाच-पंचवीस फेरे नुसतेच मारी. तेवढ्यात तेल जिथे जायचे तिथे पोचे आणि आत कुठे अडकत, घासत असेल तर हाताला समजे. मग चाकाने वेग घेतला की दांडी खाली टाकायची, दाब तयार होई, डिझेल पेटे आणि ‘टुक टुक’ सुरू. म्हणजे आधी फिरवणे आणि मग पेटवणे ही दोन वेगळी कामे होती आणि त्यांच्यामध्ये माणसाचा हात होता. अँबेसिडर, पद्मिनी आणि जुन्या जीपलाही पुढून हँडल मारायची सोय होती. पुढे किल्लीने ही दोन्ही कामे एका झटक्यात उरकायला सुरुवात केली, आता तर नुसते बटण दाबायचे. रोजच्या वापरात ही सोयच आहे, तिच्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. पण वर्षभर उभ्या गाडीला ती सोय मानवत नाही, कारण हाताला जे कळायचे ते किल्लीला कळत नाही.

असे का, हे समजण्यासाठी इंजिनाच्या पोटात डोकवावे लागेल. चालत्या इंजिनात क्रँक ज्या बेअरिंगमध्ये फिरतो तिथे धातूला धातू जवळजवळ टेकतच नाही. दोघांच्या मध्ये तेलाचा केसाहून बारीक पडदा असतो आणि ऑइलचा पंप तो सतत भरत राहतो. गाडी बंद केली की पंप थांबतो आणि तेल हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरू लागते. एका रात्रीत फारसे काही होत नाही, आठवड्यातही नाही, कारण चांगले ऑइल धातूला चिकटून राहते. पण महिने लोटले की वरचा कॅमशाफ्ट आणि सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडत जातात. आता तेलाचा दाब पुन्हा तयार व्हायला काही सेकंद लागणारच, ते टळत नाहीत. प्रश्न एवढाच, की ते सेकंद इंजिनाने कसे काढावेत. नुसत्या सेलवर फिरणारे इंजिन मिनिटाला साधारण दोनशे फेरे घेते आणि त्याच्या पिस्टनवर स्फोटाचा मार नसतो. पेटलेले इंजिन त्याच क्षणी हजार-दीड हजार फेऱ्यांवर उडी घेते, वर प्रत्येक ठिणगीला पिस्टनवर जळत्या वायूचा दणका बसतो. तेच कोरडे सेकंद पहिल्या रीतीने काढले तर थोडे घासते, दुसऱ्या रीतीने काढले तर ओरखडे पडतात. सगळा युक्तिवाद या फरकावर उभा आहे.

तेलाच्या जोडीला गंज आहे. इंजिन कसेही थांबले तरी कुठल्या ना कुठल्या सिलिंडरची झडप उघडी राहतेच. त्या वाटेने बाहेरची दमट हवा आत येते आणि लोखंडी बोअरवर पुसट तांबूस थर धरते. पिस्टन जिथे थांबला असेल तिथे रिंगा भिंतीला चिकटतात. बहुतेक वेळा ही पकड इतकी हलकी असते की क्रँकच्या पुलीला पाना लावून हळू फिरवले की सुटते. पण गाडी गिअरमध्ये टाकून चार जणांनी धक्का मारला, तर तीच पकड इतक्या जोराने सुटते की रिंग तुटू शकते, आणि तुटलेली रिंग बोअरवर जी रेघ ओढते ती पुसायला पुढे बोअर-पिस्टनचे काम काढावे लागते. गॅरेजवाला मग सांगतो, ‘गाडी उभी राहून खराब झाली.’ खरे तर धक्का बसेपर्यंत ती बरी होती.

इथे एक आक्षेप लगेच येईल आणि तो अगदीच फोल नाही: आपली हवा कोरडी, इथे कसला गंज? लोखंडाला गंज चढण्याचा वेग हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की झपाट्याने वाढतो, आणि फेब्रुवारी ते मे या काळात नांदेड-लातूरची दुपार त्याच्या कितीतरी खाली असते. रत्नागिरीत उभ्या गाडीपेक्षा इथल्या गाडीचा पत्रा जास्त टिकतो, हे मान्यच करायला हवे. पण जून ते सप्टेंबर हे चार महिने याच हवेतले आहेत, आणि बालाघाटाच्या पठारावर सहाशे मीटरहून उंच बसलेल्या लातूरला हिवाळ्यात दिवसरात्रीच्या तापमानातला फरकही मोठा असतो. अर्धवट भरलेली टाकी दिवसा तापून वाफ बाहेर सोडते आणि रात्री निवून बाहेरची हवा आत ओढते, त्या हवेतले बाष्प आतल्या पत्र्यावर थेंब होऊन बसते. शिवाय कोरड्या उन्हाचा स्वतःचा वेगळा मार आहे. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना पत्र्याखाली किती होत असेल, ते त्या पत्र्याखाली उभ्या राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. त्या उष्णतेत रबर कडक होते: ऑइल सील, पाण्याचे होज, पेट्रोलच्या नळ्या, टायमिंग बेल्ट. आपल्याकडची गाडी गंजण्याआधी वाळते. बेल्ट किती किलोमीटरनंतर बदलावा हे सगळे विचारतात, पण कंपन्या किलोमीटरबरोबर वर्षांचीही मर्यादा घालून देतात हे फारसे कुणी वाचत नाही. काही इंजिनांत हा बेल्ट तुटला की झडपा पिस्टनवर आपटतात, मग हेड खोलण्यावाचून गत्यंतर नसते.

यावरून जुन्या गाड्यांच्या बाजारातला एक आवडता शब्दप्रयोग तपासून घेण्यासारखा आहे, ‘फक्त बारा हजार चाललेली.’ मीटरवरचा आकडा कमी म्हणजे गाडी तरुण, असा आपला हिशेब असतो. निजामाच्या हैदराबादेत, ज्या राज्यात तेव्हा आपला हा मुलूखही होता, १९१२ सालची एक पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट आली. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी मागवलेली, आत सिंहासनासारखे आसन असलेली ही गाडी मिरवणुकींपुरतीच बाहेर निघे आणि आयुष्यात जेमतेम काही शे मैल चालली. आज ती चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. मीटरवर विश्वास ठेवला तर तिच्याइतकी ‘नवी’ गाडी सापडणे कठीण. कमी चाललेली गाडी कुठल्या वर्षी, किती महिने आणि कशाखाली उभी होती हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. याचे दुसरे टोक पाहायचे तर कुठल्याही पोलीस ठाण्याच्या आवारात जावे. जप्त गाड्या तिथे टायर बसलेल्या, काचांवर मातीचा थर चढलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे पडून असतात. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काही हशील नाही, ती योग्य हमी घेऊन लवकर सोडावीत असे सांगितले होते. त्या आवारातली गाडी लिलावात घेणाऱ्याने तर किल्ली मिळाल्या मिळाल्या ती फिरवण्याचा मोह नक्कीच आवरावा.

इंजिनाचा धातू त्यातल्या त्यात सोशिक असतो. त्याच्या भोवतीच्या पातळ गोष्टी आधी नासतात आणि त्यातही पेट्रोल सगळ्यांत आधी. पेट्रोल हे एकच द्रव्य नाही, हलक्या-जड अनेक घटकांचे ते मिश्रण आहे. पेटायला सोपे असलेले हलके घटक आधी उडून जातात. उरलेल्यांचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन चिकट डिंकासारखा साका तयार होतो आणि जुन्या गाडीत कार्बोरेटरचे जेट, नव्या गाडीत इंजेक्टर बुजवतो. आपल्याकडच्या उन्हात तीन-चार महिन्यांपुढे पेट्रोलवर विसंबू नये. टाकीचे झाकण उघडल्यावर पेट्रोलच्या तिखट वासाऐवजी जुन्या वार्निशसारखा वास आला तर विचार करायचेच कारण नाही, ते काढून टाकावे. आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल देशात विक्रीला आले आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत ते बहुतेक पंपांवर पोचले. मांजराकाठच्या उसाने या भागाला जे वैभव दिले त्याचाच हा एक धागा आहे, आपल्याच शिवारातला ऊस फिरून आपल्या टाकीत येतो. इथेनॉल पाणी शोषते. यावर सरकारचे म्हणणे असे की या पेट्रोलाने गाड्यांचे नुकसान होत नाही, फार तर जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग पुढेमागे बदलावे लागतील. रोज चालणाऱ्या गाडीपुरते ते धरून चालायला हरकत नाही, कारण तिच्या टाकीतले पेट्रोल दहा-पंधरा दिवसांत जळून जाते. इतकेच काय, जास्त इथेनॉल असलेले पेट्रोल थोडे जास्त पाणी पोटात सामावूनही घेते. पण उभ्या टाकीत हे शोषणे महिनोन्‌महिने चालू राहते, आणि एका मर्यादेपलीकडे पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात. पंप शोषतो तो तळातूनच. डिझेलचे दुखणे वेगळे: त्यात पाणी साचले की त्या पाण्याच्या काठावर जीवाणू-बुरशी वाढते आणि फिल्टरमध्ये काळा चिखल होतो. जुन्या डिझेल गाडीच्या नळ्यांत हवा शिरलेली असते ती वेगळीच, ती हातपंपाने काढल्याखेरीज कितीही सेल मारला तरी गाडी उचलत नाही.

बॅटरीचा हिशेब तर बोटावर करता येतो. लहान गाडीची बॅटरी साधारण पस्तीस अँपिअर-अवरची. आजच्या गाडीत घड्याळ, अलार्म, संगणक हे गाडी बंद असतानाही थोडी वीज पीत राहतात. ती वीस मिलिअँपिअर धरली तर दिवसाला अर्धा अँपिअर-अवर आणि महिन्याला चौदा-पंधरा. दोन महिन्यांत बॅटरी जवळपास रिकामी. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदीत देशभरच्या गाड्या एकदमच जागच्या जागी थांबल्या, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात आलेले पंजाबचे हजारो यात्रेकरूही महिनाभर तिथेच अडकले. त्या उन्हाळ्यात जून उजाडेपर्यंत न हललेल्या गाडीच्या बॅटरीत काय उरले असणार, ते वरच्या हिशेबावरून काढता येईल. शिवाय बॅटरी काही न करताही आपली आपण उतरत असते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. उतरलेल्या अवस्थेत राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग ती पूर्ण चार्ज होतच नाही. म्हणून पार उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून झटका देऊन तसेच निघणे चुकीचे. ती काढून बॅटरीच्या दुकानात रात्रभर सावकाश चार्जिंगला लावावी. बारा व्होल्टची म्हणवणारी बॅटरी पूर्ण भरली की निवांत अवस्थेत साडेबाराच्या वर, १२.६ च्या आसपास दाखवते. बरोबर बारा दाखवत असेल तर ती पाऊण रिकामी आहे असे समजावे.

मग करायचे काय? पहिले काम बॉनेट उघडणे, आणि ते मेकॅनिकच्या आधी उंदरासाठी. एअर फिल्टरच्या डब्यात कापूस, भुईमुगाची टरफले, कुरतडलेल्या वायरी हा ऐवज गावाकडच्या उभ्या गाडीत नित्याचा आहे. तो तसाच ठेवून गाडी पेटवली तर जळक्या वायरीपासून आग लागेपर्यंत काहीही होऊ शकते. त्यानंतर ऑइलची कांडी ओढून पाहावी. ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी आहे, तिथेच थांबावे. ठीक असले तरी जुने काढून नवे ऑइल आणि नवा फिल्टर घालणेच शहाणपणाचे. रेडिएटरमध्ये काय आहे तेही पाहावे. लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात रेडिएटरमध्ये कुलंटऐवजी बोअरवेलचे पाणी ओतले गेले तर नवल नाही, पण त्या जड पाण्यातले क्षार आत तसेच थर धरतात जसे पाणी तापवायच्या पातेल्याला धरतात, आणि कुलंटमधले गंजरोधक तर साध्या पाण्यात नसतेच. आता मुख्य काम. सगळे प्लग काढावेत, प्रत्येक छिद्रातून चमचा-दोन चमचे इंजिन ऑइल आत सोडावे आणि एक रात्र जाऊ द्यावी. इंजिन घट्ट जाम झाल्याचा संशय असेल तर गॅरेजवाले ऑइलमध्ये डिझेल मिसळतात आणि दोन-चार दिवस थांबतात, त्यांचे ते थांबणे पैसे वाढवण्यासाठी नसते. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या पुलीला पाना लावायचा आणि इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे द्यायचे. दोन यासाठी, की दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदा उघडून मिटते. कुठे कडक अडले तर जोर लावायचा नाही, मागे घेऊन पुन्हा तेल सोडायचे. हाताने मोकळे फिरले की प्लग बाहेरच ठेवून, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून आणि जुन्या गाडीत कॉइलची वायर सोडवून, सेलवर दहा-दहा सेकंद थांबत थांबत फिरवायचे, डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत. प्लगच्या छिद्रांवर जुने फडके टाकावे, नाहीतर आत सोडलेले ऑइल शर्टावर येते. एवढे झाल्यावर ताजे पेट्रोल, नवे किंवा साफ केलेले प्लग आणि सगळ्यांत शेवटी किल्ली. पहिल्या मिनिटाला थोडा निळा धूर येईल, तो आपणच सोडलेल्या ऑइलचा असतो. रस्त्यावर काढण्याआधी ब्रेक आणि टायर मात्र पाहायलाच हवेत. चालू झालेली पण न थांबणारी गाडी ही बंद गाडीपेक्षा वाईट.

यावर दोन हरकती निघतात. पहिली अशी की एवढे सोपस्कार न करताही गाड्या चालू होतात, रोज होतात. बरोबर आहे. बहुतेक वेळा धक्का मारलेली गाडी चालते आणि त्या दिवशी काही बिघडल्याचे दिसतही नाही. ओरखडा लगेच आवाज करत नाही. तो पुढच्या वर्षी ऑइल पिऊ लागल्यावर, चढाला दम तुटू लागल्यावर कळतो, आणि तोवर दोष ‘जुन्या गाडीला’ गेलेला असतो. खर्चाचा हिशेबही सरळ आहे. लहान गाडीचे ऑइल, फिल्टर, प्लग आणि गरज पडल्यास नवी बॅटरी असे मिळून चार आकड्यांत भागते. बोअर-पिस्टनचे काम निघाले की आकडे पाच होतात.

दुसरी हरकत जास्त विचारी माणसाची असते: इतकी वेळच का येऊ द्यावी, घरातल्या कुणीतरी आठवड्याला पाच मिनिटे गाडी चालू करून ठेवली की झाले. या सल्ल्याने जेवढे भले होते त्याहून नुकसान अधिक होते. एक लिटर पेट्रोल जळले की रसायनशास्त्राच्या नियमाने जवळजवळ एक लिटर पाणीही तयार होते. तापलेल्या इंजिनात ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते. पाच मिनिटांत इंजिन आणि सायलेन्सर नीट तापतच नाहीत, मग ते पाणी सायलेन्सरच्या पोटात आणि ऑइलमध्ये मुरते. असे दर आठवड्याला केले की वर्षाअखेरीस उभ्या गाडीतले ऑइल चालत्या गाडीपेक्षा खराब निघते. गाडी चालू ठेवायची तर ती चालवावी लागते. लातूरहून औशापर्यंत किंवा नांदेडहून अर्धापूरपर्यंत जाऊन यावे, महिन्यातून दोनदा, म्हणजे इंजिन तापते, टायर फिरतात, ब्रेकच्या डिस्कवरचा गंज घासला जातो आणि बॅटरीलाही काही मिळते. ते शक्य नसेल तर टाकी गच्च भरून, बॅटरीची एक वायर सोडून, हँडब्रेक न ओढता चाकांना दगड लावून गाडी सरळ झोपू द्यावी. अर्धवट जागवण्यापेक्षा पुरती झोप बरी.

हे सगळे सांगितले ते कोरड्या जागी उभ्या गाडीबद्दल. पाण्यात गेलेल्या गाडीला हाच नियम दसपट लागू आहे, आणि हा प्रश्न आता इथे दूरचा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात झालेल्या अतिवृष्टीने हसनाळसारखी गावे पाण्याखाली गेली, माणसे गेली, जनावरे गेली. सप्टेंबरात लातूर-धाराशिवकडेही पुराने शेतातली माती खरवडून नेली. अशा वेळी गाडीचा विचार शेवटी येतो आणि यायलाही तसाच हवा. पण पाणी ओसरल्यावर उरलेले जे काही आहे ते वाचवायला माणूस बसतो, तेव्हा पहिला हात किल्लीकडे जातो. जुन्या मारुती ८०० चे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन घ्या. एका सिलिंडरमध्ये पिस्टन साधारण २६५ सीसी जागेत खालीवर करतो आणि तो वर आला की मोकळी जागा उरते जेमतेम तीस-पस्तीस सीसी. टपरीवरच्या कटिंग चहाच्या अर्ध्या ग्लासाएवढी. तेवढ्याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टनला वर यायला जागाच नाही, कारण पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सेलचा जोर, किंवा एखादा सिलिंडर पेटलाच तर त्याचा जोर, कनेक्टिंग रॉड वाकवतो आणि बऱ्या होऊ शकणाऱ्या इंजिनाचे भंगार होते. विमा कंपन्या अशा नुकसानीला बहुधा मालकाचा निष्काळजीपणा ठरवतात. इंजिनासाठी वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर तो खर्च खिशातून जातो. पाण्यात गेलेल्या गाडीची बॅटरीची वायर सोडवावी, फोटो काढावेत, ती ओढूनच गॅरेजला न्यावी आणि प्लग बाहेर काढल्याशिवाय तिला एकही फेरा देऊ नये.

उरला तो प्रश्न: एवढे करून जुनी गाडी उठवावी का? याचे उत्तर दर वेळी ‘हो’ असे नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ ला कारच्या नूतनीकरणाचे शुल्क पाच हजार झाले होते, त्यापुढे कर, विमा आणि प्रदूषण तपासणी आहेच. चासीचा पत्रा कुजला असेल, कागद मृत वडिलांच्या नावावर अडकले असतील, तर इंजिन कितीही गोड चालले तरी ती गाडी रस्त्यावर आणण्यात अर्थ नाही. नोंदणीकृत भंगार केंद्रात देऊन मोकळे व्हावे. पण हा निर्णय कागद आणि पत्रा पाहून घ्यायचा असतो. ‘सेल मारला, चालू झाली नाही, म्हणजे संपली’ हा निकाल लावण्याची घाई करू नये. तसल्या निकालाने पाच-पन्नास रुपयांच्या प्लगपायी आणि वासाड्या पेट्रोलपायी चांगली इंजिने किलोच्या भावाने गेली आहेत, आणि घेणाऱ्याने ती दुसऱ्या आठवड्यात चालू केली आहेत.

तेव्हा या दिवाळीला गावी जाल आणि पत्र्याखालच्या गाडीवरचे कव्हर ओढाल, तेव्हा पहिला दिवस किल्ली खिशातच राहू द्या. बॉनेट उघडा, उंदीर आहे का पाहा, प्लग काढा, चमचाभर ऑइल सोडा आणि फराळाला बसा. दुसऱ्या दिवशी पाना हातात घ्या.